बोरटेकच्या विहिरीचा नमुना

१९६१ च्या दसऱ्यानंतर बोरटेकच्या ग्रामपंचायतीला मुंबईहून एक पत्र आले. पत्र इंग्रजीत होते, म्हणून सरपंच पुंडलिकराव ते माझ्याकडे घेऊन आले. मी तिथल्या शाळेचा मास्तर होतो आणि शाळेच्याच एका खोलीत पोस्टही सांभाळत होतो. मूळचा दारव्ह्याचा, म्हणजे गावाच्या दृष्टीने निम्मा परका, त्यामुळे मला इंग्रजी येणारच अशी त्यांची खात्री होती.

मी पत्र वाचून अर्थ सांगितला. आकाशातून पडणारी धूळ गोळा करायला सरकारने देशभरातून काही गावे निवडली होती, त्यांत बोरटेक होते. एक लोखंडी घोडी येणार होती, तिच्यावर फळी, फळीवर चिकट कागद. कागद रोज बदलायचा आणि पाकिटात घालून मुंबईला पाठवायचा. सोबत पाऊस मोजायचे भांडे आणि वाऱ्याची दिशा दाखवणारा पत्र्याचा कोंबडा. हे सगळे बघायला विज्ञान घेऊन मॅट्रिक झालेला एक निरीक्षक हवा होता.

आपलेच गाव का निवडले, असे पुंडलिकरावांनी विचारले. ते पत्रात नव्हते. फुलसावंगीसारखे बाजाराचे मोठे गाव शेजारी असताना सरकारने बोरटेक घेतले, त्याअर्थी आपली धूळ चांगली असली पाहिजे, असे त्यांनी स्वतःच ठरवले आणि संध्याकाळपर्यंत गावालाही ते पटले. घोडी ठेवायला गावातली सर्वांत उंच गच्ची पाहिजे होती. ती पुंडलिकरावांचीच होती.

निरीक्षकाच्या बाबतीत एवढे सोपे गेले नाही. पुंडलिकरावांचा पुतण्या पंजाबराव मॅट्रिकला तीनदा बसला होता, म्हणजे अनुभव त्याचा जास्त होता, पण पास झालेला एकच होता. तो उकंडाचा मुलगा भीमराज. गावाच्या पूर्वेला ओढ्याकाठी त्यांची वस्ती होती. छप्पन साली वस्तीतली सगळी घरे बौद्ध झाली होती. गावाने ती बातमी ऐकली होती, मानली नव्हती. भीमराज उमरखेडच्या हायस्कुलात शिकला, तेवीस वर्षांचा, बोलायला कमी. त्याला एक सवय होती. सरकारी फॉर्म हातात आला की तो पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचायचा, मागच्या बाजूच्या बारीक अक्षरातल्या सूचनांसकट. पुढे जे घडले ते बरेचसे या सवयीमुळे घडले.

पुंडलिकरावांच्या गच्चीचा जिना घरातून, स्वयंपाकघराला लागून जात होता. शिवाशिव पाळणे हा गुन्हा आहे हे पुंडलिकरावांना ठाऊक होते, पंचायतीत तशी पाटीही त्यांनीच लावली होती. ते भीमराजला म्हणाले की आता असले कोणी काही मानत नाही, फक्त जिना जरा कच्चा आहे. त्याच जिन्यावरून त्यांचे गडी कापसाचे बोजे वर नेत असत. भीमराजसाठी बाहेरून शिडी लावली गेली. तो रोज सकाळी शिडी चढायचा, कागद बदलायचा, वाऱ्याची दिशा वहीत लिहायचा आणि पाकीट माझ्याकडे आणून द्यायचा. शिडीबद्दल तो काही बोलला नाही. मीही बोललो नाही. पोस्टमास्तरने पाकिटावरचा पत्ता वाचावा, आतला मजकूर नाही, असे मी स्वतःला समजावत असे.

महिन्याभराने मुंबईचे साहेब जीपने आले. तरुण होते, चष्म्याचे, कामात रमलेले. गाव शाळेत जमले आणि साहेबांनी फळ्यावर एक धुराडे काढले. त्यातून निघणारा धूर पुढे पुढे रुंद होत गेला. ते म्हणाले की परदेशात अणुबॉम्बच्या चाचण्या चालू आहेत, त्यांची धूळ फार उंच जाते आणि वाऱ्याबरोबर हजारो मैल फिरून खाली येते. चार वर्षांमागे विलायतेत एका अणुभट्टीला आग लागली, तिची धूळ समुद्र ओलांडून गेली. उद्या आपल्या देशातही अशा मोठ्या भट्ट्या होणार. कधी अपघात झालाच तर धूळ कुठल्या गावावर, किती पडेल, हे गणिताने आधीच सांगता यायला हवे. ते गणित बरोबर आहे की नाही हे बोरटेकच्या कागदावरून कळणार होते. उगम कुठे, उंची किती, वारा कुठला आणि पाऊस कुठे, एवढ्या चार गोष्टी कळल्या की धुळीचा रस्ता कळतो, असे साहेब म्हणाले.

पुंडलिकरावांच्या पत्नी विमलताई बायकांमध्ये पुढे बसल्या होत्या. त्यांची मुलगी जया पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती, त्यामुळे त्या मन लावून ऐकत होत्या. ही धूळ दिसते का, असे त्यांनी विचारले. साहेब म्हणाले, दिसत नाही. वास, चव? तेही नाही. मग शिवल्याने लागते का? साहेब म्हणाले की अंगाला लागते, आणि मग जिथे हात लावाल तिथे लागते. पाण्यात उतरते का? उतरते. दुधात? गाईने गवत खाल्ले की दुधातही येते. साहेबांचा चेहरा उजळला. मोठमोठ्या शहरांत व्याख्याने दिली, इतके नेमके प्रश्न कुणी विचारले नाहीत, असे ते म्हणाले.

"मंग हे फिटते कधी?" विमलताईंनी विचारले.

साहेब म्हणाले की एका जातीची धूळ आठ दिवसांत निम्मी होते, उरलेली पुढच्या आठ दिवसांत पुन्हा निम्मी. दुसऱ्या एका जातीला निम्मे व्हायला अठ्ठावीस वर्षे लागतात.

"म्हंजे सुतकच हाये," विमलताई बायकांकडे वळून म्हणाल्या. "एक दूरचं, एक जवळच्याचं."

त्या दिवशी बोरटेकला अणुशास्त्र पूर्ण समजले. साहेब खूश होऊन गेले.

चार दिवसांत पंचायतीची सभा झाली. चिकट कागद धूळ धरतो, म्हणजे ओढतो, आणि गावभरची धूळ सरपंचांच्या गच्चीवर जमा होते, असा निष्कर्ष निघाला. खाली जया होती. ठरावात मात्र असे लिहिले गेले की निरीक्षकाच्या सोयीसाठी आणि मागास वस्तीच्या उत्थानासाठी केंद्र ओढ्याकाठच्या वस्तीत हलवण्यात यावे. ठराव मीच लिहिला, कारण माझे अक्षर चांगले होते. घोडी बैलगाडीतून वस्तीत गेली आणि भीमराजच्या घरासमोरच्या मोकळ्या ओट्यावर उभी राहिली. भीमराजची शिडी सुटली. मुंबईला त्याने जागाबदल रीतसर कळवला.

पंधरा दिवसांनी पंजाबरावाने सहज भीमराजची वही चाळली आणि धावत काकांकडे गेला. वहीत रोज एकच दिशा होती, पूर्व. वर्षातले आठ महिने आमच्याकडे वारा पश्चिमेकडून वाहतो. गाव वसवणाऱ्यांनी त्या हिशेबानेच वस्ती पूर्वेला ठेवली होती, म्हणजे गावाचा धूर, केर, मेलेल्या जनावरांची घाण सगळी तिकडे जावी आणि तिकडचे काही इकडे येऊ नये. पण थंडीत वारा फिरतो. ठराव करणाऱ्यांच्या ते लक्षात आले नव्हते. आता घोडीवरून निघालेला वारा ओढा ओलांडून थेट पुंडलिकरावांच्या घरात शिरत होता, आणि साहेबांनी फळ्यावर काढलेला रुंद होत जाणारा धूर सगळ्यांनी पाहिला होता.

घोडी आणखी हलवावी म्हणून पंचायतीने लिहिले. उत्तर आले की वारंवार जागा बदलल्यास आकडे निरुपयोगी होतील, वर्षभर केंद्र हलवू नये. मग गावाने आपल्या परीने उपाय केले. पूर्वेच्या खिडक्या बंद झाल्या. सकाळी शेतावर निघालेली माणसे वस्तीच्या वाटेला लांबच उभी राहून आज वारा कुठला, असे भीमराजला विचारू लागली. तो खरे ते सांगायचा. त्यावर ज्वारी वाळत घालायची की नाही हे ठरायचे. जयाला मुलगी झाली, तीही खिडक्या बंद असलेल्या खोलीत, आणि बाळंतिणीला वारा लागू द्यायचा नाही ही रीत असल्याने त्यात कुणाला वावगे वाटले नाही.

भीमराजने समजावण्याचा प्रयत्न केला. कागद धूळ ओढत नाही, जी पडते तेवढीच धरतो, आणि ती गावावर, वस्तीवर, फुलसावंगीवर सारखीच पडते, असे तो पुंडलिकरावांना शाळेच्या पायरीवर सांगत होता. पुंडलिकरावांनी शांतपणे ऐकून घेतले.

"विटाळ कसा पसरते ते तू मले नको सांगू, भीमराज," ते म्हणाले. "आमचा पिढ्यांचा अभ्यास हाये."

ते हे चेष्टेने म्हणाले नव्हते. भीमराज मान हलवून निघून गेला.

जानेवारीत अवकाळी पाऊस झाला. भीमराजने भांड्यातले पाणी मोजून पाठवले. त्यावरून मुंबईहून नवा फॉर्म आला. पावसाबरोबर धूळ जास्त खाली येते, म्हणून गावाच्या मुख्य विहिरीच्या पाण्याचे नमुने पाठवायचे होते. लागोपाठ तीन दिवस, रोज एक बाटली. भीमराजने फॉर्म उलटून मागची बाजू वाचली. सूचना चार अशी होती की नमुना निरीक्षकाने स्वतःच्या हाताने, विहिरीच्या मध्यभागातून काढावा, दुसऱ्याने काढलेला नमुना ग्राह्य धरला जाणार नाही.

गावाच्या विहिरीवर वस्तीतले कुणी कधी चढले नव्हते. वस्तीची विहीर वेगळी, ओढ्याकाठची, तोंडाला लहान. गावाकडून वाऱ्याने केर येतो म्हणून उकंडाने तिला लाकडी झाकण करून घेतले होते.

पुंडलिकरावांनी बरेच मार्ग सुचवले. पंजाबराव पाणी काढेल, भीमराजने दुरून बघावे. नाहीतर भीमराजने दोराला हात लावल्यासारखे करावे. भीमराज प्रत्येक वेळी सूचना चार दाखवायचा. शेवटी तो म्हणाला की नमुना मिळाला नाही तर फॉर्ममध्ये कारण लिहायला जागा आहे, तो खरे कारण लिहील. लिहिणार काय, हे त्याने सांगितले नाही. पंचायतीतल्या पाटीवर शिक्षेची कलमे होती आणि ती पुंडलिकरावांना पाठ होती.

निर्णय विमलताईंनी केला. नातीला वरचे दूध चालू होते, त्यात विहिरीचे पाणी पडत होते. त्यांनी दोन्ही बाजू तोलल्या. भीमराजच्या हाताचा विटाळ गोमूत्राने त्याच दिवशी फिटतो. बॉम्बच्या विटाळाला अठ्ठावीस वर्षे, तीही निम्मा व्हायला. काढू द्या त्याले पाणी, असे त्यांनी सांगितले.

फेब्रुवारीतल्या एका सोमवारी सकाळी भीमराज धुतलेला शर्ट घालून गावाच्या विहिरीवर चढला. निम्मे गाव लांब उभे होते. त्याची आई इंदूबाई आणि बहीण नलू ओढ्याच्या अलीकडे येऊन थांबल्या होत्या, उकंडा आला नव्हता. भीमराजने बादली सोडली, सावकाश ओढली, बाटली दोनदा विसळून भरली, बूच लावले आणि वेळ लिहिली. मी जवळच उभा होतो. तो खाली उतरला, बाटली माझ्याकडे दिली आणि घरी गेला. दुपारी विमलताईंच्या गोठ्यातून घागरभर गोमूत्र आले आणि मंत्र म्हणून विहिरीत ओतले गेले. मंगळवारी भीमराजने दुसरा नमुना घेतला. दुपारी पुन्हा घागर आली. बुधवारी तिसरा.

मुंबईचे उत्तर यायला तीन आठवडे लागले. अणुधुळीचे प्रमाण नगण्य होते, इतर गावांसारखेच. पण दुसऱ्या नमुन्यात जनावरांच्या मुताचा अंश आढळला होता, तिसऱ्यात त्याच्या जवळजवळ दुप्पट. साहेबांनी आपल्या पद्धतीने त्याचेही गणित केले होते. सोबत एक आलेख होता, वर चढत जाणारा. दूषित होण्याचा वेग असाच राहिल्यास चाळीस दिवसांत विहिरीत पाण्यापेक्षा मूत्र अधिक होईल, असे त्यावर लिहिले होते. विहीर ताबडतोब बंद करावी, उपसून स्वच्छ करावी, आणि निरीक्षकाने सोबतच्या फॉर्मवर उगमाचा अहवाल द्यावा.

फॉर्म धुळीचाच होता, नवा छापायला वेळ नसावा. भीमराजने तो माझ्यासमोर बसून भरला. उगम: सरपंचांचा गोठा. दिशा: विहिरीच्या पश्चिमेस, ऐंशी पावले. उगमाची उंची: जमिनीलगत. वहनाचे साधन: पितळी घागर. वारंवारता: निरीक्षकाने पाणी काढल्यावर दर वेळी. मग त्याने कारणाच्या रकान्यात एकच शब्द लिहिला, शुद्धीकरण.

पुंडलिकरावांना मी आधी कळवले. ते लगबगीने आले, फॉर्म वाचला आणि खाली बसले. हे पाठवू नको, असे त्यांनी भीमराजला सांगितले, मग विनवले. भीमराज म्हणाला की उगम खरोखर बंद झाला तर तो तसेच लिहील, शेवटच्या रकान्यात 'सद्यस्थिती' म्हणून त्यासाठी जागा आहे. पुंडलिकराव म्हणाले, झाला बंद. भीमराजने तसे लिहिले. बाकीचे खोडले नाही. पाकिटावर शिक्का मी मारला. या सगळ्या प्रकरणात मी केलेले चांगले काम एवढेच, की तो टपालात उशीर न करता मारला.

पोलिस पाटलांनी विहिरीवर फळ्या टाकल्या. उपसायला आणि गाळ काढायला आठ दिवस लागणार होते. गावाला पाणी असलेली आणि वर झाकण असलेली एकच विहीर उरली.

पहिल्या दिवशी लोकांनी ओढ्याच्या वाळूत झिरे खणून गढूळ पाण्यावर भागवले. दुसऱ्या दिवशी विमलताई पितळी घागर घेऊन वस्तीत आल्या. मी भीमराजकडे पाकिटासाठी गेलो होतो म्हणून हे पाहिले. इंदूबाई विहिरीवर धुणे धूत होती. विमलताई लांबच थांबल्या. आजवर त्यांनी तिला नावाने हाक मारलीच तर 'इंदे' म्हणून.

"इंदूबाई," त्या म्हणाल्या, "लेकराच्या दुधाले पाणी पायजे होतं. वरून टाकून देजो माह्या घागरीत."

इंदूबाईने पदराला हात पुसले. वरून पाणी टाकणे म्हणजे काय हे तिला चांगले ठाऊक होते, जन्मभर तिने खाली ओंजळ धरून ते घेतले होते. क्षणभर मला वाटले की ती आता काहीतरी बोलेल, आणि मला ते ऐकायचे नव्हते. तिने फक्त विहिरीचे झाकण बाजूला सरकवले.

"बादली तिथं हाये, पाटलीणबाई," ती म्हणाली. "या, वढून घ्या. आमच्या इथं कोनी कोनाले टाकून देत नाही."

विमलताई घागर घेऊन पुढे आल्या. मग त्यांनी चपला काढल्या, का ते त्यांनाही सांगता आले नसते, आणि विहिरीवर चढल्या. बादली ओढायची सवय नव्हती, दोर हाताला काचला. नलू पुढे होऊन धरू लागली. इंदूबाईने तिला खुणेनेच थांबवले, पण दुसरी बादली वर येईना तेव्हा स्वतःच उठून दोर मागून धरला. त्या आठ दिवसांत निम्मे गाव तिथून पाणी भरून गेले. आपण कुठून आणतो हे कुणी कुणाला विचारले नाही.

केंद्र पुढे दोन वर्षे चालले. मोठ्या देशांनी उघड्यावरच्या चाचण्या थांबवायचा करार केल्यावर घोडी, भांडे, कोंबडा सगळे परत गेले. साहेबांचे गणित कितपत जुळले ते आम्हाला कुणी कळवले नाही. भीमराजला एका वेधशाळेत नोकरी लागली. पण त्याआधी बासष्टचा उन्हाळा आला, आणि एप्रिलअखेर वस्तीची विहीर आटली.

नलू घागर घेऊन गावाच्या विहिरीवर गेली. पंजाबराव तिथे उभा होता. त्याने हटकले तेव्हा तिने सांगितले की नमुना घ्यायचा आहे, भावाने पाठवले आहे. एवढी मोठी घागर कशाला, असे त्याने विचारले. या महिन्यात मोठा नमुना मागवला आहे, असे ती म्हणाली. पंजाबराव काकांकडे गेला. पुंडलिकरावांनी मुंबईचा आलेख कपाटात ठेवला होता. त्यांनी थोडा विचार केला आणि सांगितले की सरकारी कामात आडवे जाऊ नये. दुसऱ्या दिवशी वस्तीतल्या चार बायका नमुना घ्यायला आल्या, तिसऱ्या दिवशी जवळजवळ सगळ्याच. मे महिन्यात बोरटेकच्या विहिरीतून रोज साठेक नमुने निघत होते. मुंबईला यातला एकही गेला नाही. गोमूत्राची घागर मात्र पुन्हा आली नाही, कारण ती आली असती तर आलेख पुन्हा चढला असता.

इंदूबाई सर्वांत शेवटी आली. इतक्या दिवसांत ती आली नव्हती. तिने बादली ओढली आणि ओंजळ भरून तिथेच उभी राहून ती पाणी प्यायली. मी समोरच शाळेच्या पायरीवर होतो. मला राहवले नाही, कसे आहे पाणी, म्हणून विचारले.

"मचूळ हाये, गुरुजी," ती म्हणाली. "आमचंच गोड."

मग तिने घागर भरली, डोक्यावर घेतली आणि ओढ्याच्या वाटेने निघाली. दुसऱ्या दिवशी सकाळी ती पुन्हा आली.